तिसरी कॅप

बोआतेन म्हाताऱ्यानं पोराला शब्द देऊन वीस वर्षं झाली होती. भंगारातले भाग वेचून जुनी प्यूजो गाडी उभी कर, वडीलधाऱ्यांसमोर चालव. त्यांनी साक्षीदार म्हणून तुझ्याकडून आभाराची दारू घेतली की देणं पक्कं, गॅरेजची शेड तुझी. नाहीतर रीत आहेच, मामाचं सगळं भाच्याला, म्हणजे अंत्वीला. आणि अंत्वी कसला दिवटा! त्याला पिस्टन कुठला नि पेला कुठला, सांगावं लागायचं. राबला तो अडोमाको, पोटचा पोर.

शेवटी म्हाताऱ्यानं शनिवार ठरवला. अडोमाकोनं ढिगातून क्रँकच्या, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा जागी धरणाऱ्या, कॅपा शोधल्या. इंजिन उघडताना म्हातारा प्रत्येक कॅपेवर पंचनं टिंबं मारायचा, जिची जागा तिलाच मिळावी म्हणून. तिसरीवर तीन टिंबं होती, पण टिंबांच्या आत गंजाचा कण नाही, नुसती चकाकी. बसवली, तर क्रँक फिरवताना हाताला जड लागला.

"बाबा, ही या इंजिनाची नाही."

"खूण कुणाची?"

"तुमचीच. पण ताजी आहे."

"म्हणजे मी लबाड? जा, सांग शनिवारी सगळ्यांना! बघू लबाडाची शेड कोण घेतं ते."

दोन दिवस अडोमाकोनं ढीग उपसला. खरी कॅप सापडली नाही. अखेर तीच आवळली. दहा मिनिटं तरी चालेल, तेवढ्यात पेले रिकामे होतील, असं त्यानं मनाला समजावलं.

शनिवारी इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. वडीलधारे खूश! अडोमाकोनं पटापट पेले भरले. एकानं ओठाला लावलाच होता, तेवढ्यात म्हातारा म्हणाला, "घाई काय आहे? माझ्या लेकाचं काम ऐका तरी. दे रे, रेस दे!"

"बाबा, नका ना."

"दे म्हणतो ना!"

त्यानं पेडल दाबलं. खालून किंकाळी उठली आणि इंजिन जाम झालं. पेले तसेच खाली ठेवून वडीलधारे उठले. अंत्वी तोंडानं "अरेरे" म्हणत दात काढत होता.

सगळे गेल्यावर अडोमाको म्हणाला, "शेड द्यायचीच नव्हती, तर शब्द का दिलात?"

"नसता दिला, तर राबला असतास?" म्हाताऱ्यानं त्याच्या खांद्यावर मायेनं थोपटलं. "सोमवारी वेळेवर ये. अंत्वीला भाग ओळखता येत नाहीत, शिकवायला कुणीतरी हवं."