वरचा दगड

सौदीतल्या हाइलमध्ये आम्हाला सहा वर्षं झाली होती आणि सहाही वर्षं मी भाकरीसाठी भांडत होते. बहुतेक वेळा आमच्या डॉक्टरांशीच, म्हणजे नवऱ्याशी, कारण समोर तेवढेच असायचे. बाजारात जिझानची ज्वारी मिळायची, पण दळून देणारं कोणी नव्हतं, आणि पाकिटातलं विरी गेलेलं पीठ थापायला घेतलं की भाकरीचे चार तुकडे ठरलेले. म्हणून २००३ मध्ये नासर नावाच्या माणसाने वारलेल्या बापाची दोन वर्षं बंद असलेली गिरणी चालू करायला बार्शीचा गिरणीवाला आणलाय असं कळलं, तेव्हा दवाखान्यातून आलेल्या श्यामकांतना मी चहासुद्धा न देता परत गाडीत बसवलं.

गिरणीवाल्याचं नाव तुकाराम. पन्नाशीचा, बारीक, अंगापेक्षा मिशाच जड. त्याने माझी ज्वारी आधी दाताखाली फोडून बघितली आणि मगच, "ओतू का, वैनी?" म्हणाला. त्याच क्षणी मला तो आवडला. बार्शीची त्याची गिरणी रस्तारुंदीत गेली होती. इथे तीन महिने बघून नासर त्याला ठेवणार होता, नाहीतर परत. आणि परत जायला गिरणीच नव्हती.

"आल्या आल्या वरच्या दगडाला टाकी लावली," त्याने अभिमानाने सांगितलं. "पार बोथटला हुता."

टाकी लावायची म्हणजे छिन्नी-हातोडीने दगडावर नवे घाव पाडायचे. आपल्याकडे गिरणी ताब्यात आली की गिरणीवाला हे पहिलं करतो आणि कुणाला विचारत नाही. विचारणं त्याला कमीपणाचं वाटतं.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले, तेव्हा नासरची आई जरीश शिजवायला लागणारे गहू भरडून घ्यायला आली होती. तुकारामने साफसफाईसाठी वरचा दगड उतरवून भिंतीला टेकवला होता. म्हातारीने त्याच्यावरून मायेने हात फिरवला आणि एकदम किंचाळली. नवऱ्याने मरायच्या आधी घातलेले घाव तिथे नव्हते. दोन वर्षं ती अधूनमधून कुलूप काढून त्या दगडाला हात लावून जात होती, हे मला तिच्या रडण्यातूनच कळलं. शेजारणींकडून शिकलेलं माझं अरबी तेवढं समजण्याइतकं होतं.

"खलास," नासर म्हणाला. "याला परत पाठवतो."

"विचारायचं नाही का हो?" मी तुकारामवरच उखडले.

"कुनाला इचारू? पान्याला 'मोया' म्हनत्यात, त्याच्या पुढं मला शब्द येत न्हाई."

तो खाली बसला. खालच्या दगडाला त्याने अजून टाकी लावली नव्हती. त्यावरून तळवा फिरवत त्याने विचारलं, "वैनी, ह्यांचे मालक डावरे हुते का? घाव उलटे कललेत."

मी विचारलं. नासर फणकारला, "माझे वडील चारचौघांसारखे उजव्या हाताने जेवायचे."

"जेवायचा उजव्यानेच," म्हातारी हळूच म्हणाली. तिचं रडणं थांबलं होतं. "हातोडी मात्र डाव्या हातात धरायचा. गिरणीबाहेर कुणाला माहीत नव्हतं."

तुकारामने आठ दिवस मागितले. आठ दिवस तो डाव्या हातात हातोडी धरून खालच्या दगडावरचे घाव बघून वरच्यावर घालत राहिला. त्याचा उजवा अंगठा तीनदा ठेचला आणि श्यामकांतनी तीनदा पट्टी बांधली. नवव्या दिवशी म्हातारी आली. डोळे मिटून तिने आधी खालचा दगड चाचपला, मग वरचा, मग पुन्हा खालचा.

"त्याचाच हात," ती म्हणाली.

मी सुटकेचा श्वास टाकला, तोच तुकारामने तोंड उघडलं. "त्यांना सांगा वैनी, हे वरचे घाव माझे. मालकांचे म्हंजे फक्त खालचे. गिरणी चालली की महिन्याभरात तेबी झिजतील. जपायचे असतील तर गिरणी चालवू नका."

"गप्प बसा! गिरणी नाही चालली तर तुम्हाला कशाला ठेवतील? जमलेलं बिघडवू नका."

"न्हाई, सांगा. एकदा न इचारता केलंय."

अस्सा राग आला मला त्याचा. पण सांगितलं, शब्द न् शब्द. म्हातारीने खालच्या दगडावर हात ठेवला.

"तो तरी काय करायचा?" ती म्हणाली. "दर महिन्याला स्वतःचेच जुने घाव काढून नवे घालायचा. चालू दे गिरणी. खालचा झिजला की त्यालाही यानेच टाकी लावायची. नासर, हा माणूस इथेच राहील."

हे मराठीत सांगायला मी तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं. माझ्याकडे बघून तुकारामचा चेहरा उतरला. तो छिन्नी आणि हातोडी पिशवीत भरायला लागला.

"ठेवा ती हत्यारं खाली!" मी रडता रडता ओरडले. "महिन्याभराने लागणार आहेत."