वाघरातलं बारावं मेंढरू

भैरूआबा आपलं घोंगडं शोधत अंगणवाडीच्या दारात आले, तर आत मेंढरं बें बें करत होती. मेंढरं म्हणजे गावातली पोरंच. साधनाबाईंनी दोन बाकांवर आबांचंच घोंगडं टाकून वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जागा, केली होती. त्याखालून एकेक मेंढरू बाहेर पडायचं, आणि धनगरीण झालेली आबांची नात म्हाळसा मोठ्यानं आकडा म्हणायची.

आबांच्या कपाळाची शीर उडायला लागली. मेंढरं विकून कांदे लावले, पोरगा रांजणगावच्या कंपनीत लागला, पण जुनी भीती काही विकली गेली नव्हती. जितका काळ मेंढरं राखली, कधी मोजली नाहीत. तोंडं बघूनच कोण आलं नाही ते सांगायचे. नातवंडं किती, असं कुणी विचारलं तरी म्हणायचे, "हायती देवाच्या दयेनं."

"बाई, जित्या जिवाला मोजत्यात व्हय? मोजलं का घटतं," आबा म्हणाले.

बाईंनी समजावलं, की असं खेळता खेळताच लेकरांच्या डोक्यात आकडे बसतात. आबा ऐकतायत कुठले! त्यांनी पैजच लावली. बाईंनी स्वतः मोजावं. एक जरी लेकरू कमी भरलं, तर म्हाळसा उद्यापासून घरी.

म्हाळसाचं तोंड एवढंसं झालं. रविवारी अंगणवाडी बंद म्हणून रडणारी पोर ती. पण बाई निर्धास्त होत्या. सकाळी बारा पोरं आलेली त्यांनी पाहिली होती. त्यांनी मोजली, तर अकरा. पुन्हा मोजली, तरी अकराच.

"घटलं," आबा म्हणाले. एका हातानं रडकी म्हाळसा धरली, दुसऱ्यानं घोंगडं ओढलं. घोंगड्याबरोबर फरफटत आला मल्हार, बारावं मेंढरू. सुकडी खाऊन तो वाघरातच झोपला होता, आणि घोंगड्याची दशी त्यानं मुठीत घट्ट धरली होती.

पोरं खिदळायला लागली. म्हाळसानं नाक पुसलं आणि म्हणाली, "आबा, आता तुमी मोजा."

आबा पेचात पडले. मोजावं तर जन्माचा नेम मोडतो, न मोजावं तर नात रडते. मग त्यांना खळं आठवलं. रास मोजताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. तशानं रास घटत नाही. त्यांनी मल्हारच्या डोक्यावर हात ठेवला.

"लाभ... दोन... तीन..."

बारा भरली. आबांची छाती फुगली. साधनाबाई वस्ताद. त्यांनी वाद घातलाच नाही. "मग आबा, रोज तुम्हीच येत जा मोजायला," एवढंच म्हणाल्या. आबा पोरांच्याही आधी यायला लागले. पुढं पुढं तर एडका होऊन धावायलाही लागले.

जूनमध्ये ती बाराही पोरं पहिलीत गेली. गुरुजी दौंडकडचे, नवे. त्यांनी फळ्यावर एक आंबा काढला आणि किती आंबे ते विचारलं.

"लाभ," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

गुरुजींनी खडू खाली ठेवला. हे कुणी शिकवलं म्हणून विचारलं, तर सगळ्यांची बोटं खिडकीकडे. तिथं आबा काठी टेकून उभे होते, आणि त्यांचे ओठ हलत होते.

"थांबा गुरुजी, हलू नका," ते म्हणाले. "तुमास्नी धरून तेरा. बघा, वाढलं का न्हाई?"