काठोकाठ भरलेली बॅटरी

“त्याच्या ‘झालं गं’वर जाऊ नकोस, स्वतः बघत जा,” असं आत्याबाई, म्हणजे नवऱ्याची आत्या, मला म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. सख्ख्या भाच्याबद्दल कुणी असं बोलतं का?

आमच्या छोट्या नावेची मोटर चालली की तिच्यावर बॅटरी चार्ज होते. घरची वीज गेली की त्याच बॅटरीवर बाळाचं वाफेचं यंत्र चालतं. नवरा रोज सकाळी ती नावेत न्यायचा आणि संध्याकाळी धापा टाकत परत आणायचा. “घ्या राणीसरकार, काठोकाठ भरली!”

काल तो बॅटरी घरीच विसरून गेला. दुपारी वीज गेली आणि बाळाची छाती घरघरू लागली. यंत्र क्षणभर गुरगुरलं आणि गप्प झालं. बाळाला उचलून मी शेजारी धावले. त्यांच्या जनरेटरवर कसंबसं निभावलं.

संध्याकाळी नाव आल्यावर मी धक्क्यावर गेले. मोटरीतून बॅटरीकडे येणारी वायर कापलेली होती, टोकाला टेप गुंडाळलेली. टेपही तेलाने काळी पडलेली, म्हणजे जुनीच.

“अगं, चार्जिंगने मोटर जड चालते. सगळ्यांच्या नावा पुढे जातात,” तो म्हणाला.

“मग रोज ती वाहून कशाला आणायचास?”

“तुला बरं वाटावं म्हणून.”

आत्याबाई पलीकडच्या काठावर एकट्या राहतात. त्यांची बॅटरीही तोच भरून देतो. त्यांचा दिवा, फोन सगळं तिच्यावर. कालपासून त्यांचा फोन लागत नाही, आणि त्याच्या नावेत मी बाळाला घेऊन बसणार नाही. तुम्ही तिकडे जाणार असाल, तर तेवढं डोकावून या ना.