अकरा दिवस

"हे बघ, मला तुला एक सांगायचं—" नानांनी तोंड उघडलं, आणि नेमक्या समोरून मेंढ्या आल्या.

दोन-चार नव्हे, रस्ता काठोकाठ भरून. नानांनी करकचून ब्रेक दाबला, गाडी गचका देऊन बंद पडली. दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर वाळलेलं गवत, भाजलेल्या पावाच्या रंगाचं, आणि पार पलीकडे डोंगरांची निळसर ओळ. नानांनी हॉर्न दिला.

"वाजवू नका हो, बुजतात," मेंढ्यांमागून येणारी बाई ओरडली. "कुठं आग विझवायला निघालाय?"

शेजारच्या सीटवर सिस्टर खुदकन हसल्या. "ऐकलंत? बरं, काय सांगत होतात?"

"काच वर घे म्हणत होतो. धूळ येतेय."

सकाळपासूनची ही तिसरी खेप. पहिल्यांदा नानांनी घसा खाकरला तेव्हा पेट्रोलपंप आला. दुसऱ्यांदा मुलीचा फोन आला. तिचं दीड महिन्याचं बाळ तासभर रडत होतं आणि आता तिचंही रडं सुरू झालं होतं.

"आधी तू थांब रडायची," सिस्टर फोनवर म्हणाल्या. "आता त्याला खांद्यावर घे. तसं नाही, हनुवटी खांद्याच्या वर येऊ दे." न बघताच त्यांना दिसत होतं. "पाठीवरून हात फिरव, खालून वर. बडवू नकोस गं, ढोल आहे का तो? हं. आता गप्प उभी राहा."

अर्ध्या मिनिटात फोनमधून ढेकर ऐकू आला, मागोमाग मुलीचं हसू. "आई, तू इथे असायला हवी होतीस."

"परवा येतेच आहे. इतक्या वर्षांनी तुझ्या बाबांना मला फिरवायची हुक्की आलीय, तेवढी पुरवू दे."

नाना रस्त्याकडे बघत ऐकत होते. ही बाई शिकवायलाच जन्मली आहे, हे त्यांना आज नव्याने कळलं नव्हतं. तेच तर एकतीस वर्षं घशात अडकून बसलं होतं.

सिस्टरना सगळी कॉलनी सिस्टर म्हणे, आणि नानाही. 'बायकोला सिस्टर म्हणणारा जगातला एकटाच नवरा मी,' हा त्यांचा विनोद इतका जुना झाला होता की पाहुणेच तो आधी सांगून टाकत. सिस्टर पालिकेच्या दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीत असत. खोलीला खिडकी नव्हती. रोजच्या साठ-सत्तर जखमा धुवायच्या, बांधायच्या. घरी आल्या तरी हातांना स्पिरिटचा वास असे. मुलगी लहानपणी त्याला आईचा वास म्हणायची. बढती आली नाही. निवृत्त झाल्या त्या त्याच खोलीतून, त्याच स्टुलावरून उठून.

नाना पोस्टात सॉर्टर. पत्र हातात घ्यायचं, पत्ता वाचायचा, बरोबर त्या खणात टाकायचं. छत्तीस वर्षांत यांच्या हातून एकही पत्र चुकलं नाही, असं निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, तेव्हा नाना स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले होते.

एक पत्र चुकलं होतं. डोंगरावरच्या मोठ्या रुग्णालयाचं. तिथल्या नर्सिंगच्या शाळेत शिकवण्याची नोकरी. सिस्टर मुलाखतीला एकट्याच जाऊन आल्या होत्या. पाकीट नानांच्या हातात पडलं तो मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचा आदला दिवस. वाढदिवस होऊन जाऊ दे, मग देऊ, म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवशी मुलीने पहिली चार पावलं टाकली, ती आईच्या हातांपर्यंत. या दोघी नसलेलं घर नानांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं, आणि पत्र राहिलं. तिसऱ्या दिवशी देणं दुसऱ्या दिवसापेक्षा अवघड झालं होतं. असं करत हजर व्हायची तारीख उलटली. मग एका संध्याकाळी त्यांनी ते घरी आणून दिलं आणि म्हणाले, "टपालाला उशीर झाला बघ."

सिस्टरनी पत्र वाचलं, पाकिटात घातलं, कपाटात ठेवलं आणि मुलीला भरवायला बसल्या. नंतर रुग्णालयाला लिहून पाहिलं. जागा भरली होती.

आता नातवंडाचं तोंड पाहून झालं, नोकऱ्या संपल्या, आणि नानांनी नकाशावर हा रस्ता काढला होता. रुग्णालयापर्यंत जायचं, पण त्या फाटकात पाय ठेवायच्या आत तिला खरं सांगायचं. सांगितल्याशिवाय तिला तिथे उभी करायची नाही. एवढंच ठरवलं होतं, आणि तेवढंच जमत नव्हतं.

माळ संपला. रस्ता चढू लागला तशी झाडं आली, लाल, तांबडी, काही नुसतीच खराटा झालेली. चाकांखाली पानं चुरचुरत होती.

"इथे थांबवा," सिस्टर म्हणाल्या. रस्त्याकडेला दगडी कठडा होता. त्यावर बसून त्यांनी थर्मासमधला चहा ओतला, उकडलेलं अंडं सोलायला घेतलं.

"बोला आता. इथे पंप नाही, मेंढ्या नाहीत. फोनलाही रेंज नाही, बघितलंय मी."

नानांनी कप खाली ठेवला. परत उचलला.

"ते पत्र. इथल्या नोकरीचं. त्याला उशीर झाला नव्हता."

"अकरा दिवस," सिस्टर अंड्यावर मीठ टाकत म्हणाल्या.

नानांच्या हातातला कप तिरपा झाला, चहा पँटवर सांडला.

"पुसा ते. डाग पडेल."

"तुला... कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. बाहेरून आलेल्या पाकिटाच्या पाठीवर पोचल्या दिवसाचा शिक्का मारतात की नाही तुमच्याकडे? लग्न झाल्यावर पहिल्या महिन्यात तुम्हीच मला कौतुकाने दाखवलं होतंत. पाकीट उलटं केलं, तर समोर तारीख. वाढदिवसाच्या आदल्या दिवसाची. अगदी सरळ, ठसठशीत." त्यांनी अंड्याचा अर्धा भाग नानांच्या हातावर ठेवला. "पत्र दाबून ठेवायचं, आणि त्याच्यावर शिक्का मारून ठेवायचा. तुमच्याइतका प्रामाणिक चोर मी दुसरा बघितला नाही."

नानांना आठवेना, शिक्का कधी मारला ते. हाताने मारला असणार, सवयीने. कुणाचं पाकीट आहे ते कळायच्या आधी.

"मग तू भांडली का नाहीस?"

"आधी वाटायचं, आज सांगतील. मग वाटायचं, दिवाळं निघालेल्या माणसासारखं तोंड करून फिरतायत, उद्या नक्की सांगतील. असं वर्ष गेलं. मग म्हटलं, आता नकोच सांगायला. आता सांगितलंत तर मला घर सोडावं लागेल, आणि पोर तुमच्या गळ्यात पडल्याशिवाय झोपत नव्हती." त्यांनी टरफलं कागदात गोळा केली. "आणि राग धरून ठेवायलाही फुरसत लागते हो. मला सकाळी आठची ड्यूटी होती."

वाऱ्याबरोबर पानं कठड्यावरून खाली दरीत जात होती. नानांनी विचारलं, "तू गेली असतीस?"

ती नाही म्हणेल, अशी त्यांना आशा होती. या वयात, या कठड्यावर, माणूस एखादं खोटं बोलतो.

"गेले असते," सिस्टर म्हणाल्या. "पोरीला घेऊन गेले असते. तुम्हाला दर आठवड्याला पत्र टाकलं असतं. ती तरी वेळेवर पोचली असती ना?"

नानांचं अंडं हातातच राहिलं होतं.

"खा ते," सिस्टर उठत म्हणाल्या. "आणि चला. इथवर आणलंत, आता दाखवा तरी."

रुग्णालय त्यांना वाटलं होतं त्याहून लहान निघालं. लांबलचक व्हरांडा, पांढरा रंग, पन्हाळी पानांनी तुंबलेल्या. फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, "कुणाला भेटायचंय?"

"कुणाला नाही," सिस्टर म्हणाल्या. "जरा बघून जातो."

"बघा की. पण साडेचारला निघा. पाचनंतर वळणांवर धुकं बसतं, मग खाली उतरता येत नाही."

शाळेच्या इमारतीच्या पायऱ्यांवर दोन विद्यार्थिनी बसल्या होत्या. एक दुसरीच्या कोपराला बँडेज गुंडाळत होती. सिस्टर शेजारून पुढे गेल्या, थांबल्या, आणि परत आल्या.

"हात वाकवून घे तिचा. सरळ हातावर बांधलंस तर वाकवल्याबरोबर सुटेल. ती काय काठीसारखा हात धरून जेवणार आहे?"

दोघी हसल्या. सिस्टरनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि मागे न बघता हात मागे केला. नानांनी ते घेतलं.

"बघ. आधी कोपरावर. मग एक वेढा वर, एक खाली. अर्धा आधीच्यावर चढला पाहिजे. ओढू नकोस, बसव."

मुलगी एकाग्र होऊन बघत होती. बँडेज माशाच्या खवल्यांसारखं एकसारखं बसत गेलं. दुसरीने हात वाकवला, सरळ केला. जागचं हललं नाही.

"मॅडम, तुम्ही इथे शिकवायचात का?"

नाना जमिनीकडे बघू लागले.

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "मी ड्रेसिंगच्या खोलीत होते. सोड आता ते, आणि तू बांध."

वर्ग सुटला असावा. आणखी तिघी-चौघी येऊन उभ्या राहिल्या, मग एक पळत आत जाऊन बँडेजच्या चार गुंडाळ्या घेऊन आली. सिस्टर खालच्या पायरीवर बसल्या. "असं नाही गं," त्यांचा आवाज येत होता, "पुन्हा. घाई नाही आपल्याला."

फाटकावरून पहारेकऱ्याने हात वर करून मनगटावर बोट आपटून दाखवलं. नानांनी मान हलवली. पलीकडच्या डोंगराचा माथा पुसट व्हायला लागला होता, आणि पहिल्या वळणाचा कठडा आता दिसत नव्हता. त्यांनी हातातलं घड्याळ बघितलं. पावणेपाच. पायऱ्यांवर सिस्टर पाचव्या मुलीचं कोपर हातात घेत होत्या.

नानांनी मूठ मिटली आणि हाक मारली नाही.