हर्षाचे कोरे बूट

नाकाडोंगरी गावाच्या मागची टेकडी हर्षानं पंधरा किलो धान पाठीवर घेऊन सव्वीस मिनिटांत चढून दाखवली, तेव्हा पीटीच्या भुपेंद्र सरांनी आधी घड्याळ हलवून पाहिलं, मग तिच्याकडे. हिमालयातल्या एका शिखरासाठी नागपूरच्या गिर्यारोहण संस्थेनं दहा मुलं निवडली होती. मनालीला आठ दिवस सराव, आणि त्यातले सहा जण गाईडबरोबर वर. दहांत पोरी तीन, आणि दम हर्षाचा सगळ्यांत दांडगा. आई तिला रेडा म्हणायची. हर्षाला त्याचाही अभिमान होता.

संस्थेनं बूट दीड महिना आधीच पाठवले. रोज दोन तास घालून चाला, पायाला सवय करा, असं सोबतच्या कागदावर साफ लिहिलं होतं. हर्षानं तो मोठ्यानं वाचला आणि तिचे बाबा, सेवकराम, हसायला लागले.

बाबा गावातल्या पाटलाचा ट्रॅक्टर चालवायचे. उभा जन्म चिखलणीत गेलेला. टायरच्या खाचा झिजल्या की धानाच्या बांधीतल्या चिखलात चाक कसं जागच्या जागी फिरतं, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. त्यांनी बूट उलटा केला आणि खाचांतून बोट फिरवलं.

"घासलेला टायर बांधीत फसते न बाई. हे तू इथंच टेकडीवर घासून टाकशीन, त तिथं बरफात का धरीन? कोरेच ने."

हर्षाला ते शंभर टक्के पटलं. कागद लिहिणाऱ्यानं फसलेला ट्रॅक्टर कधी पाहिलाच नसणार. शिवाय एकदा घालून पाहिले तर बूट टाचेला चावले होते, हेही खरं. बाबांनी ते प्लास्टिकच्या पन्नीत बांधून धान साठवायच्या ढोलीवर ठेवले. शेजारचा कवडूकाका येता-जाता विचारायचा, बुटांची आरती झाली का. हर्षा शाळेच्या कापडी बुटांतच टेकडी चढत राहिली.

मनालीला पहिल्याच दिवशी चौदा किलोमीटर चाल होती. दुपारपर्यंत ती सगळ्यांच्या पुढे, शिवाय गाणी म्हणत. मग टाचा जळायला लागल्या. ती कोणाला बोलली नाही. रोवणीच्या दिवसांत आई चिखल्यांनी सडलेले पाय घेऊन महिनाभर चिखलात वाकलेली असते, आपल्याला काय झालं? दुसऱ्या दिवशी बर्फावर नेलं, तेव्हा सगळ्यांच्या बुटांखाली लोखंडी दात बांधले. बर्फ धरायचं काम ते दात करतात, खाचा नाही. हर्षा खाली वाकून पट्टे आवळत होती, म्हणून तिचं तोंड कोणाला दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी मोजा काढला तर टाचेची कातडी मोज्याबरोबर आली.

गाईड दीदींनी जखम पाहिली. "घर पे कितने दिन पहने थे?"

"एक भी दिन नहीं."

दीदी रागावल्या नाहीत, हेच वाईट झालं. एका दोराला चौघं बांधलेले असतात, एक लंगडला तर चौघांचा जीव जातो, एवढंच त्यांनी शांतपणे समजावलं. सराव संपल्यावर सहा जण वर गेले. हर्षा तंबूबाहेर उघडे पाय पसरून बसली. शिखर दिवसभर ढगात होतं, तेही दिसलं नाही.

तुमसर रोड स्टेशनावर बाबा धुतलेला सदरा घालून आले होते. फोनवर त्यांना फक्त वर गेली नाही एवढंच कळलं होतं.

"काहून नाही गेली बाई?"

खरं सांगायचं, असं ती गाडीत ठरवून आली होती. पण बाबा तिच्याकडे असे पाहत होते, की जणू त्यांचंच काही हरवलं होतं.

"दम लागला, बाबा."

"तुले? दम?"

"तिथं हवाच कमी रायते."

बाबांनी तिच्या हातातली बॅग घेतली. मग हळूच विचारलं, "आन् बूट? धरलं का बरफात?"

"लय धरलं. सारे घसरून राहिले होते, मीच उभी होती."

"मी सांगतलंच होतं," बाबा म्हणाले, आणि हसले. बाजूच्या चहावाल्यालाही त्यांनी ते ऐकवलं. मग तिची बॅग खांद्यावर टाकून पुढे चालू लागले. दम काय, वाढवता येते, उद्यापासून टेकडी रोज दोनदा, पुढच्या साली पाहू, असं मागे वळून वळून सांगत. प्रत्येक वेळी हर्षा हो म्हणाली. ते वळले की लंगडताना दिसू नये, म्हणून ती दोन्ही टाचा पूर्ण टेकवत बसस्टँडपर्यंत चालली.