खुंटीवरचं लुगडं

दुपारी जेवून जरा पाठ टेकावी तर दारात कोणीतरी उभं, हे आवडाबाईला मुळीच खपत नसे. त्यातून तो सरकारी दवाखान्यातला श्रीपाद डॉक्टर असला तर तिच्या कपाळाची शीरच उठे. कोपरी गावातली बाळंतपणं ती तीस वर्षं करत होती. ठाण्याला आगगाडी आली तेव्हा ती नवी नवरी होती, आणि हा कालचा पोरगा रूळ ओलांडून तिला सुईणपण शिकवायला येत होता. आठवड्यातली ही त्याची तिसरी खेप.

"आवडाबाई, बाळंतपणाला जाताना हात धुता ना?" ओटीवर टेकत त्यानं विचारलं.

"नुसतं हात? डोक्यावरनं पानी घेते मी, दर बालंतपनाला!"

"कधी?"

"कधी म्हंजे? झाल्यावर. विटाल झाल्यावरच मानूस न्हातो ना?"

"नंतरचं राहू द्या. आधी धुता का?"

आवडाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. आधी काय धुवायचं? आधी ती चांगली स्वच्छ असते. घाण आहे ती बाळंतिणीच्या खोलीत, तिथून बाहेर आल्यावर अंघोळ करायची, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. बुकं वाचून यांच्या डोक्यात सगळं उलटंच भरतं असं तिला वाटलं, आणि ते तिनं त्याला ऐकवलंही.

डॉक्टर रागावला नाही, याचाच तिला जास्त राग आला. दोन महिन्यांत कोपरीतल्या तीन बाळंतिणी तापानं गेल्या होत्या. शकू, मग रतन, मग भिवाची बायको. तिघींचं बाळंतपण सुखरूप झालं होतं, तिघींना तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरली आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. बाळंतरोग! तो काय आजचा आहे? लागायचा तिला लागतो.

"तो आपोआप लागत नाही," डॉक्टर म्हणाला. "डोळ्यांना दिसत नाहीत असे जंतू असतात. एका बाळंतिणीच्या अंगातून ते हाताला, कपड्याला चिकटतात आणि दुसरीकडे जातात."

"दिसत नाय तं तुमाला कसं दिसलं?"

"दवाखान्यातल्या सूक्ष्मदर्शक दुर्बिणीतून. तुम्हालाही दाखवलं होतं."

दाखवलं होतं खरं. तासभर तिला त्या नळीला डोळा लावून वाकवून ठेवलं, आणि तिला दिसले ते स्वतःच्या पापणीचे केस. मान मात्र दोन दिवस धरली होती.

डॉक्टरची नजर पडवीतल्या खुंटीवर गेली. तिथं तिचं बाळंतपणाचं लुगडं टांगलेलं होतं. "हे कधी धुता?"

"खाडीच्या पान्यात बुचकालते कवातरी. विटालाचं लुगडं ते, घरात घेत नाय, बाकीच्या कपड्यांत घालत नाय. जाताना नेसायचं, आल्यावर खुंटीला. दोनशे पोरं झेलली या लुगड्यात! शुभाचं हाय. बाया सांगावा धाडतात, तेच नेसून ये म्हनून."

डॉक्टर उठून उभाच राहिला. "तिघींच्या वेळी हेच होतं?"

"मग काय शालू नेसून जाऊ?"

"आणि रतननंतर, भिवाच्या बायकोच्या आधी, कोणाचं केलंत?"

"कल्यानला, माज्या भाचीचं. ती बरी हाय की! पोरगं घेऊन मिरवते. मग तिला कसं नाय चिकटलं तुमचं जंतू?" डॉक्टरला कोंडीत पकडल्याचा तिला भारी आनंद झाला.

डॉक्टर परत ओटीवर टेकला. मग म्हणाला, "आवडाबाई, दुधाला विरजण किती लावता?"

"चमचाभर."

"आणि सकाळपर्यंत भांडंभर दही होतं. विरजणात जे असतं ते दुधात वाढतं, एकाचे दोन, दोनाचे चार. वाईट जंतूही असेच वाढतात. शकूचं विरजण रतनला लागलं, रतनचं भिवाच्या बायकोला. हात साबणानं आणि या औषधानं धुवा, नाळ कापायची पाती उकळा, आणि ते लुगडं जाळून टाका."

तिनं त्याला जवळजवळ हाकललंच. लुगडं जाळ म्हणतो मेला! त्या औषधाची, कारबोलिकची बाटली मात्र तो ठेवून गेला. तिचा वास इतका उग्र होता की आवडाबाईनं ती घुशीच्या बिळापाशी नेऊन ठेवली, निदान तेवढा तरी उपयोग होऊ दे म्हणून.

पुढच्याच सोमवारी सकाळी गोदाला कळा सुरू झाल्या. गोदा ही आवडाबाईची एकुलती एक पोर, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. आवडाबाई लगबगीनं पडवीत गेली, खुंटीवरच्या लुगड्याला हात घातला आणि तिथंच थांबली.

भाचीच्या वेळी कल्याणहून एकदम बोलावणं आलं होतं. ती नेसत्या वस्त्रानिशी गाडीत बसली होती, आणि तिथं पोचल्यावर बहिणीनं धुतलेलं लुगडं नेसायला दिलं होतं. हे लुगडं तेव्हा इथंच होतं, खुंटीला.

हे तिनं डॉक्टरला सांगितलं नव्हतं. तिच्याच ध्यानात आलं नव्हतं. आता आलं, आणि तिनं हात मागे घेतला. आत गोदा कण्हत होती. "मेल्या डाक्तरा, कशाला घातलंस माज्या डोक्यात!" ती मोठ्यानं म्हणाली. लुगडं तिनं काठीनं उचललं, चुलीत कोंबलं आणि वर पाण्याचं भांडं चढवलं.

शकूची आई धाकूबाई मदतीला आली होती. पोर जाऊन दोन महिने झाले तरी दुसऱ्याच्या अडीनडीला धावणारी बाई. आवडाबाई परसात कोपरापर्यंत हात घासते आहे, पाती भांड्यात उकळते आहे आणि घरभर दवाखान्याचा वास सुटला आहे, हे बघून ती चक्रावलीच.

"अगो, पूजेला बसतेस का बालंतपनाला? आनी तुजं लुगडं कुटं हाय?"

"आये, लुगडं!" आतून गोदा रडत ओरडली. "तेच नेस गो, मना भ्या वाटतंय!"

"नाय नेसत!" आवडाबाई खेकसली. "जाललं मी ते! आनी धाकू, तू हात धुतल्याबिगर आत पाय टाकायचा नाय!"

दुपारी मुलगी झाली. खरी परीक्षा पुढेच होती. दुसऱ्या दिवशी आवडाबाईनं गोदाच्या कपाळाला वीसदा हात लावला आणि वीसदा गोदा वैतागली. तिसऱ्या दिवशी आवडाबाई जेवलीच नाही. गोदा जरा शहारली की हिचा जीव अर्धा होई. पण गोदाला फक्त भूक लागली होती. चौथ्या दिवशी ती भाकरीवरून आईशी भांडली.

पाचवीच्या सकाळी गोदा पोरीला पाजत गुणगुणत होती, कपाळ थंडगार. आवडाबाईनं देवापुढे हात जोडले. किती बरं वाटलं तिला! आणि लगेच, हात जोडलेले असतानाच, तिच्या लक्षात आलं की डॉक्टरचं खरं होतं. गोदा वाचली ती धुतलेल्या हातांनी. मग त्या तिघींना बाळंतरोग लागायचा म्हणून लागला नव्हता. तो नेला होता कोणीतरी. घरोघर, बोलावतील तिथं, नेसून.

तिनं डॉक्टरवर चिडून बघितलं, नशिबावर चिडून बघितलं. राग काही येईना.

तेवढ्यात धाकूबाई पाचवीच्या पूजेला नारळ घेऊन आली. तिनं बाळाची दृष्ट काढली, मग आवडाबाईचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. कारबोलिकनं त्यांची सालं निघाली होती.

"तुजा हातगुनच चांगला गो," धाकूबाई म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "माज्या शकूचंच नशीब फुटकं."

आवडाबाईनं हात सोडवून घेतले. हो म्हणणं सोपं होतं. सगळी कोपरी तेच म्हणत होती.

"नशीब नव्हतं, धाकू," ती म्हणाली. "खाली बस. मना तुला सांगायचं हाय, तुजी शकू कशी गेली ते."