मधला माणूस

पिंपरीच्या एका कारखान्यानं कामगारांसाठी खोल्या बांधल्या, तेव्हा टोकाच्या खोलीत वाचनालय काढलं आणि ते माझ्याकडे दिलं. साल छपन्न असावं. मागच्या बाजूला पडदा लावून मी तिथंच राहत असे. पुस्तकं वाचतो तो शहाणा, असा लोकांचा समज. नवरा-बायकोचं बिनसलं की त्यांना माझ्याकडे धाडत. मी विधुर, एकटा; मला संसारातलं काय कळतं, हे सांगूनही कुणाला पटत नसे.

एका रविवारी दुपारी शेजारच्या सोजराबाई गेनबाला आणि त्याच्या बायकोला घेऊन आल्या. दोघं चाकणजवळच्या खेड्यातली, शेतकरी घरातली. गेनबाला कारखान्यात काम लागलं म्हणून नुकतीच इथं बिऱ्हाड करून राहिलेली.

"मास्तर, ही तानाबाई उद्याच्या एसटीनं माहेरी निघालीय. परत यायची न्हाई म्हणती. तुमीच बघा बाबा, मी थकले," असं म्हणून त्या निघून गेल्या.

तानाबाई दाराशी बसली, गेनबा खिडकीशी. मधे मी.

"काय झालं?" मी विचारलं.

"तिलाच इचारा," गेनबा म्हणाला.

"त्यास्नीच इचारा, मास्तर. माझी भाकरी गोड लागत न्हाई त्यास्नी."

"भाकरीचं काय मधीच? तिला म्हणावं, सदा तोंड फुगवून का बसती, ते सांग."

दोघंही माझ्याकडे बघूनच बोलत होती. आधी वाटलं, राग असेल. मग लक्षात आलं, त्यांना दुसरी रीतच ठाऊक नव्हती. गावी सासू-सासऱ्यांदेखत नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायचं नसतं. जे सांगायचं ते तिसऱ्याकरवी. इथल्या खोलीत तिसरं कुणी नव्हतंच.

"दुपारपाळीला रात्रीचं जेवतोस कुठं?" मी गेनबाला विचारलं.

"कारखान्यात. एवढ्या उशिरा तिनं कशाला चूल फुंकायची? दमलेली असती."

तानाबाईनं मान खाली घातली. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. नवऱ्याआधी न जेवणारी बाई, आणि बाहेरून जेवून येणारा नवरा. गावी सासू तरी म्हणाली असती, तू खाऊन घे गं.

ते मी तिथल्या तिथं सांगू शकलो असतो. दोघांनी ऐकलंही असतं. पण मग पुढच्या वेळी? खरं तर पुढच्या वेळीही ती माझ्याकडे आली असती तर मला हवंच होतं. माझ्याशी एरवी इतकं कोण बोलत होतं?

"चहा टाकतो," म्हणून मी पडद्यामागे गेलो आणि स्टोव्ह न पेटवता उभा राहिलो.

पलीकडे काहीच आवाज नाही. मी चूक केली, असं वाटू लागलं. ती आता उठून जाईल.

"मास्तर?" गेनबानं हाक मारली. मी गप्प. "मास्तर, ऐकताय न्हवं?"

"न्हाईत ते हितं," तानाबाई म्हणाली. मग तिचाच आवाज आला, अगदी बारीक. "मी उपाशी झोपते."

"कवा?"

"तुमी पानी पिऊन आडवं व्हता तवा."

"रोज? अगं, येडी का काय तू? मला वाटलं, तू जेवून बसलेली असतीस."

"तुमच्या आदी?"

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

"कुनाकरवी सांगू?"

मग ती हसली की रडली, मला नीट कळलं नाही.

तेव्हा कुठं मी स्टोव्ह पेटवला. कप घेऊन बाहेर आलो, तर दोघं दारात उभी.

"ऱ्हाऊ द्या मास्तर, भाकरी टाकते जाऊन," तानाबाई म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "अवो, चला की."

ती एसटीनं गेली नाही. दोघं माझ्याकडेही पुन्हा आली नाहीत.

त्या दुपारी तीन कप चहा समोर होता. सोजराबाईंना बोलवावं असं मनात आलं. दारापर्यंत गेलोही. काय निमित्त सांगायचं, ते सुचेना.